कारण आठवतंय तोवर

विक्रीच्या कोकरांचे ट्रक गुरुवारी गेले. त्यानंतरच्या रविवारी सगळ्या लाराल्दे कुटुंबाने एकत्र जेवायचं, हा पेयोआजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज. यंदाही डेनीजने सकाळीच मटण शिजत घातलं, लाल मिरच्या भाजून सोलल्या, कढई झाकून पाव भाजायला ठेवला. लसणाचा वास पार अंगणातल्या कुंपणापर्यंत गेला होता. आज जेवणाच्या निमित्ताने काय ठरवायचं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, आर्नोला, तेवढं नव्हतं.

शेल्बी अंगण ओलांडून मागच्या दाराने आली. तिच्या हातात ॲपल पायचं ताट होतं.

"तिथे ठेव," डेनीज वळूनही न बघता म्हणाली.

"काही मदत करू?"

"नको. तू पुष्कळ केलंस."

शेल्बीने ताट खिडकीशी ठेवलं आणि हात पुसत उभी राहिली. बावीस वर्षांपूर्वी ती जिलेट गावच्या खाणवस्तीतून या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून सासूचं बोलणं तिने खूप ऐकलं होतं. मेंढ्यांतलं काही कळत नाही म्हणून, स्वयंपाकात लसूण कमी पडतो म्हणून. त्या बोलण्यात राग असे, पण राग संपला की डेनीजच कॉफी ओतून पुढे करी. या वेळी कॉफी आली नव्हती.

सप्टेंबर सरत आला होता तेव्हाची गोष्ट. शेल्बी आर्नोची औषधं घेऊन संध्याकाळी व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. दारात आर्नो उभा होता आणि त्याच्या हातात अठराशे त्र्याहत्तरच्या नमुन्याची, पितळी पोटाची बंदूक होती. त्याने काडतूस आत सरकवणारी लिव्हर खाली ओढून वर घेतली. तो आवाज घरातल्या पोराबाळांच्याही ओळखीचा. कात्रीने कापड कापावं इतका हलका, कारण आतले सांधे आर्नोने स्वतः दगडावर घासून गुळगुळीत केले होते. मग नळी तिच्या छातीवर आली.

"कोण तू?"

"आर्नो, मी शेल्बी. डॉमची बायको."

"डॉमचं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. माहिती द्यावी तसा तो म्हणाला.

ती किती वेळ उभी राहिली हे तिला आजही सांगता आलं नसतं. आतून डेनीज आली, तिने नळीवर हात ठेवला, बास्क भाषेत काहीतरी हळू बोलली आणि आर्नोने बंदूक खाली केली. दोन मिनिटांनी त्यानेच शेल्बीला विचारलं, "बाहेर का उभी आहेस? ये की आत."

नंतर पायरीवर डेनीजने तिचा दंड धरला होता. "कोणाला सांगू नकोस. त्याला घेऊन जातील माझ्यापासून." शेल्बीने मान डोलावली. आठवडाभर तिने तोंड मिटून ठेवलं. पण त्या दाराशी जायला तिचे पाय उचलेनात. औषधं तू नेऊन दे, म्हणून ती डॉमला सांगू लागली. का, म्हणून त्याने खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. डॉमने बिलिंग्ज शहरात राहणाऱ्या बहिणीला, माइतेला, फोन केला. डेनीजच्या लेखी शेल्बीने शब्द मोडला होता.

"आमा," शेल्बी म्हणाली. नवऱ्याचं ऐकून तीही सासूला आमा म्हणे. "मी मुद्दाम नाही सांगितलं."

"काडतुसं मी सगळी काढून ठेवली आहेत. पिठाच्या पिंपाखाली. मग आता कशाची सभा?" डेनीजने पावावरचं झाकण उचलून पाहिलं आणि परत आदळलं. "आर्नोला बोलव. नाही, तू नको. डॉम बोलवेल."

*

डॉम त्या वेळी वर्कशॉपमध्येच होता. त्याच्या कोटाच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती. मधूनमधून तो ती वरूनच चाचपत होता.

आर्नो खिडकीखालच्या बाकावर वाकून बंदुकीचा दस्ता घासत होता. नवी बंदूक इटलीहून आली होती. लोखंडी भाग बाजूला फडक्यात गुंडाळलेले होते आणि अक्रोडाचा दस्ता तेवढा शिकंज्यात धरलेला.

"बंदूक छान करतात ते लोक," आर्नो म्हणाला, "पण वार्निश पियानोचं फासतात. हे सगळं उतरवायचं. मग जवसाचं तेल. पहिला आठवडा रोज, मग महिना आठवड्याला एकदा. मग?"

"मग वर्षातून एकदा, जन्मभर," डॉमने पुरं केलं. हे तो दहा वर्षांचा असल्यापासून ऐकत आला होता.

भिंतीवर खुंट्यांवर बाकीच्या बंदुका ओळीने आडव्या होत्या. आर्नोच्या वडिलांची, पेयोआजोबांची, खरी जुनी बंदूक कोठाराच्या आगीत जळाली, तेव्हा आर्नो सोळा वर्षांचा होता. पुढे इटलीत तशाच नव्या बंदुका बनतात असं कळल्यावर त्याने पहिली मागवली आणि ती वडिलांच्या बंदुकीसारखी हाताला लागेपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही. स्प्रिंगा हलक्या केल्या, लिव्हरचा पल्ला कमी केला, हाताला थंडी लागू नये म्हणून लिव्हरला हरणाचं कातडं गुंडाळलं, नळीच्या टोकाला नेम धरायची पितळी माशी बसवली. जमली तेव्हा त्याने ती डॉमच्या नावाची करून टाकली आणि दुसरी मागवली. पुढे माइतेसाठी एक झाली, आखूड दस्त्याची. मग नातवंडांच्या झाल्या. तालुक्यातले लोक नेमबाजीच्या स्पर्धेआधी त्याच्याकडे बंदुका दुरुस्तीला आणत. नक्कल म्हटलेलं त्याला चाले. नकली म्हटलेलं चालत नसे.

काल, शनिवारी संध्याकाळी, आईवडील चर्चच्या प्रार्थनेला गेले असताना डॉमने त्या सगळ्या खोलल्या होत्या. बाजूच्या पट्ट्या काढल्या, काडतुसावर आपटणारी पिन प्रत्येकीतून बाहेर घेतली आणि बंदुका होत्या तशा खुंटीवर लावल्या. हे सारं त्याला वडिलांनीच शिकवलं होतं. घाईत एकदा स्क्रूड्रायव्हर निसटला.

"आइता, जेवायला चला," तो वडिलांना म्हणाला.

"माइते आली?"

"येतेय."

"नवरा पण येतोय का तिचा?"

माइतेचा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली होती. "नाही," डॉम म्हणाला, "कामात आहे."

आर्नो हसला. "माणूस कामाचा नाहीच तो. तिला सांगायला पाहिजे कोणीतरी."

*

माइते अंगणात गाडीतून उतरली तेव्हा वारा इतका होता की तिला दार दोन्ही हातांनी लोटावं लागलं. भाऊ तिच्याकडे चालत आला. पाठोपाठ शेल्बीही आली.

"आज सगळ्या बंदुका बाहेर काढायच्या," माइते म्हणाली. "माझ्या घरी लोखंडी कपाट आहे. मी रिकामं करून आले आहे."

"बाई, तू शाळेत मुलांना असेच हुकूम देतेस का?" डॉम म्हणाला.

"डॉम, त्याने तुझ्या बायकोवर बंदूक धरली."

"माहीत आहे मला. मी झोपत नाहीये त्या दिवसापासून." त्याने डबी काढून उघडली. आत बारीक पोलादी पिना होत्या. "झालं आहे काम. आता त्या नुसत्या लोखंडाच्या कांबी. भिंतीवर राहू देत. त्याला कळणार नाही, आमाला त्रास नाही, कोणी कोणाला काही सांगायला नको."

माइते डबीकडे बघत राहिली. बिलिंग्जपासून इथवर तिने वडिलांशी बोलायची वाक्यं मनात घोळवली होती आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडलं होतं. ती बोलायची वेळच येणार नाही, हे ऐकून तिला एकदम हलकं वाटलं.

"चालेल," ती म्हणाली. "खरं म्हणजे हे बरं आहे."

"मला नाही चालत," शेल्बी म्हणाली.

दोघं भावंडं तिच्याकडे वळली.

"शेल्बी, तुलाच तर धोका होता. तो आता..."

"माझा धोका टळला. उद्या टपालवाला येईल. किंवा आर्नो चुकून रस्त्यावर जाईल आणि पोलिसाच्या गाडीवर रोखेल. पिन तुझ्या खिशात आहे हे त्या पोलिसाला कोण सांगणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो आर्नोला गोळी घालेल, डॉम."

डॉमने डबी मिटली. वाऱ्याने माइतेचे केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूला केले नाहीत.

"आणि दुसरं," शेल्बी म्हणाली, "त्यांना अजून कोणी सांगितलेलंच नाही काय झालं ते. आपण सगळे त्यांच्या पाठीमागे बोलतोय. जसे काही ते गेलेच आहेत."

तेवढ्यात डेनीजने दारातून हाक मारली. पाव गार होत होता.

*

टेबलाशी सगळे बसले. आर्नोची खुर्ची रिकामी होती.

"हात धुवायला गेलाय," डेनीजने सांगितलं आणि वाढायला सुरुवात केली. सभा जेवणानंतर होऊ दे, निदान गरम असताना तरी चार घास सुखाने खाऊ देत, असं तिच्या मनात होतं. वाइन ओतताना तिला दाराशी पावलं ऐकू आली.

आर्नो दारात होता. त्याच्या हातात तीच पितळी पोटाची बंदूक होती. लिव्हर पूर्ण खाली उघडी, नळी जमिनीकडे, जशी तो घरात नेहमी आणी. त्याच्या हातांना ते विसरायला झालं नव्हतं.

डेनीजने पाहिलं ते मात्र शेल्बीकडे. शेल्बीने काटा खाली ठेवला. उठली नाही, ओरडली नाही. पण तिची खुर्ची टेबलापासून हळूच मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत, आणि भिंतीला टेकल्यावरही तिचे पाय मागे रेटतच राहिले. चेहऱ्याचा रंग पार उतरला होता. त्या संध्याकाळी डेनीजने फक्त नवऱ्याकडे पाहिलं होतं. सुनेचं तोंड तिने आज पाहिलं.

"माझ्या बंदुकीला कोणी हात लावला?" आर्नो म्हणाला.

त्याने बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"या स्क्रूची खाच बघा. कड दुमडली आहे. बोथट हत्याराने खोललंय कोणीतरी." त्याने लिव्हर अर्धी वर घेतली, कान दिला, परत खाली सोडली. "आत पिन नाही. कोणत्याच बंदुकीत नाही. मी सगळ्या पाहिल्या."

"मी साफ केल्या, आइता," डॉम म्हणाला.

"पिन काढून?"

"त्या झिजल्या होत्या. नव्या मागवल्यात."

"डॉम." आर्नोने मुलाकडे पाहिलं. "खोटं बोलताना तू लहानपणापासून कान खाजवतोस."

डॉमने हात खाली घेतला. आर्नो एकेका चेहऱ्याकडे बघत गेला. माइते ताटात बघत होती. "काय आहे? मी काही केलंय का?" त्याचा आवाज बदलला होता. "डेनीज, मी काय केलं?"

डेनीजने तोंड उघडलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला पुष्कळ कडू गोष्टी सांगितल्या होत्या. ही जिभेवर येईना. "काही नाही," ती म्हणाली. "बस. जेव."

"तुम्ही माझ्यावर बंदूक धरली होती, आर्नो," शेल्बी म्हणाली.

ती भिंतीशीच होती, पण आता उभी राहिली होती.

"कधी?"

"गेल्या महिन्यात. तुमची औषधं घेऊन मी आले होते. तुम्ही मला ओळखलं नाहीत."

आर्नोने हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "भरलेली होती?"

"हो."

"बोट कुठे होतं माझं?"

शेल्बीने डेनीजकडे पाहिलं. "चापावर," ती म्हणाली.

आर्नोने बंदूक टेबलावर, पावाच्या शेजारी, आडवी ठेवली. दोन्ही हात मागे घेतले आणि पँटला पुसले. मग तो बाहेर गेला. खिडकीतून तो कुंपणापर्यंत जाताना दिसला. तिथे तारेवर हात ठेवून तो मेंढ्यांकडे बघत उभा राहिला. डॉम उठायला लागला तेव्हा डेनीजने त्याला बस म्हणून खूण केली.

मटणावर चरबीची साय धरायला लागली तेव्हा तो परत आला.

"सगळ्या घेऊन जा," तो म्हणाला. "आजच. आत्ता."

"आइता, जेवून तर घेऊ," माइते म्हणाली.

"आत्ता, माइते. आत्ता मला कारण आठवतंय. जेवून उठेपर्यंत आठवेल की नाही, मला माहीत नाही. मग मी भांडेन तुमच्याशी."

*

बंदुका त्याने स्वतःच खुंटीवरून काढल्या. एकेक तेलाच्या फडक्यात गुंडाळून तो माइतेच्या हातात देत होता, आणि माइते, जिने लग्नानंतर बंदुकीला हात लावला नव्हता, ती गाडीच्या मागच्या सीटवर एकेक ठेवत होती.

"हिला पावसाळी हवेत गंज लवकर धरतो. ही शेजारच्या जोनच्या मुलाने पाडली होती, म्हणून दस्त्याला पट्टी आहे. आणि ही तुझी."

आखूड दस्त्याची बंदूक तिच्या हातात आली. लिव्हरवरचं कातडं काळं पडलं होतं. "मी बारा वर्षांची होते," ती म्हणाली.

"अकरा. तुझा हात मोजायला बोलावलं तर तू पळून गेलीस. शेवटी झोपेत मोजला." हे त्याला लख्ख आठवत होतं. माइतेने पटकन गाडीत डोकं घातलं आणि बंदूक ठेवायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त वेळ आत राहिली.

शेवटी आर्नोने जाकिटाच्या आतल्या खिशातून दोन काडतुसं काढली. मग टोपीच्या पट्ट्यातून एक. मग चष्म्याच्या डबीतून. ती त्याने बाकावर ओळीने ठेवली. डेनीज दाराशी उभी होती. पिठाच्या पिंपाखाली सगळी ठेवली असं तिने तीन आठवडे स्वतःला सांगितलं होतं. ती तिथल्याच खोक्यावर बसली.

डॉमने नव्या बंदुकीच्या, फडक्यात गुंडाळलेल्या लोखंडी भागांना हात घातला. आर्नो शिकंज्यातल्या दस्त्याकडे बघत होता, अर्धं वार्निश उतरलेल्या.

"तो राहू दे," शेल्बी म्हणाली. ती आत आली नव्हती, उंबऱ्यापाशीच थांबली होती. "लोखंड सगळं न्या. लाकूड आणि कानशी राहू देत."

"काय करायचं नुसत्या लाकडाचं?" डॉम म्हणाला.

"त्यांना घासायचं असेल."

आर्नोने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने शिकंजा एक आटा घट्ट केला.

*

सोमवारी सकाळी डेनीज कॉफी घेऊन वर्कशॉपकडे निघाली तेव्हाच तिला आतून आदळआपट ऐकू आली. आर्नो भिंतीसमोर उभा होता.

"चोरी झाली. डेनीज, सगळ्या नेल्या. शेरीफला फोन कर."

कप तिच्या हातात होते. उत्तर तयार होतं, अगदी सोपं. माइतेने सफाईला नेल्यात, म्हटलं की झालं. उद्याही तेच म्हणता आलं असतं. परवाही. कालपर्यंत तिने असंच निभावलं होतं. पण भिंतीला टेकून पाय रेटणारी शेल्बी तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

तिने कप बाकावर ठेवले. "बस, आर्नो. चोरी नाही झाली. तूच दिल्यास."

"मी? का म्हणून?"

तिने सांगितलं. व्हरांडा, औषधं, नळीवर ठेवलेला तिचा हात, सगळं. पायरीवर सुनेला गप्प राहायला सांगितलं तेही सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत राहिली.

"भरलेली होती?" तो म्हणाला.

"हो."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याने पुढचा प्रश्न विचारायच्या आतच ती म्हणाली, "चापावर होतं."

कॉफी निवली. खालच्या रानातून कुत्र्यांचं भुंकणं येत होतं. डॉम मेंढ्या हलवत असावा.

"मी शेल्बीची माफी मागितली का?" आर्नोने विचारलं.

डेनीज आठवू लागली. आत्ता न्या, म्हणाला होता. बंदुकांविषयी बोलला होता. "नाही," ती म्हणाली. "काल नाही मागितलीस."

तो उठला. कोट घातला, टोपी घेतली. ती त्याच्याबरोबर जायला निघाली तर त्याने हाताने थांबवलं. वर्कशॉपच्या दारातून तिने त्याला अंगण ओलांडताना पाहिलं, वाऱ्यात थोडा तिरका. शेल्बीच्या दाराशी त्याने टोपी काढून हातात धरली आणि दार वाजवलं. दार उघडलं. शेल्बी एक पाऊल मागे सरली हे डेनीजला इतक्या दुरूनही दिसलं. मग ती पुढे आली, बाहेर पायरीवर. ती दोघं काय बोलली ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

मंगळवारी तो पुन्हा रिकाम्या भिंतीसमोर उभा होता. डेनीजने पुन्हा सांगितलं, आणि तो पुन्हा टोपी घेऊन निघाला. बुधवारी तेच.

गुरुवारी डेनीज स्वतःच अंगण ओलांडून गेली. शेल्बी भांडी घासत होती. डेनीज न विचारता खुर्चीवर बसली.

"त्याला सांगायचं थांबवू का?" ती म्हणाली. "रोज तुझ्या दाराशी येतो. रोज तुला तेच पुन्हा ऐकावं लागतं."

शेल्बीने नळ बंद केला. "पहिल्या दिवशी दार उघडताना माझे हात कापत होते," ती म्हणाली. "आज थोडे कमी कापले. येऊ देत त्यांना."

डेनीजने मान डोलावली. मग ती उठली, फळीवरून दोन कप काढले आणि सुनेच्या स्वयंपाकघरात कॉफी करायला ठेवली.